खेळाडूंना पैसे मिळाले, आता वाटाघाटीही होऊ द्या

अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या नियमांत काही काळ बेगल नावाच्या गोल पावाबद्दल एक नियम होता. कॉलेजने खेळाडूला नुसता बेगल दिला तर तो खाऊ. त्यावर क्रीम चीज लावून दिलं की ते जेवण. खाऊ देण्याला हरकत नव्हती, जेवणं मात्र मोजून द्यायची. जास्त झाली तर नियमभंग, म्हणजे चौकशी आणि कागदपत्रं. हे सगळं कशासाठी, तर खेळाडू हौशी राहावा, त्याला खेळाचा मोबदला मिळतोय असं कुठे दिसू नये.

एप्रिल २०१४ मध्ये कनेटिकट विद्यापीठाने बास्केटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. त्या संघाचा मोहरा होता शबाझ नेपियर. पत्रकारांशी बोलताना तो सहज सांगून गेला की काही रात्री आपण उपाशीपोटी झोपतो. ज्याच्या नावाचा शर्ट दुकानात विकला जातोय तो खेळाडू उपाशी झोपतो म्हटल्यावर देशभर गवगवा झाला, आणि काही दिवसांतच खेळाडूंना हवं तेवढं खायला द्यायची परवानगी मिळाली. कॉलेज खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संस्थेचं म्हणणं होतं की बदलाची तयारी आधीपासून चाललीच होती. असेल. मला त्यातली वेगळीच गोष्ट खटकते. नियम केला तेव्हा खेळाडूंना कोणी विचारलं नव्हतं आणि बदलला तेव्हाही नाही. त्यांच्यातला एक जण योगायोगाने माइकसमोर होता, एवढंच.

आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा म्हटली की मैदानाभोवती जेमतेम शे-दोनशे माणसं, आणि त्यातली निम्मी खेळाडूंची मित्रमंडळी. त्या चित्रावरून अमेरिकेची कल्पना करता येत नाही. मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियममध्ये (फुटबॉल म्हणजे त्यांचा, हेल्मेटवाला) एक लाख सात हजारांहून जास्त प्रेक्षक बसतात. बास्केटबॉलच्या ‘मार्च मॅडनेस’ स्पर्धेच्या प्रक्षेपण हक्कांचा करार २०१६ मध्ये आणखी आठ वर्षांनी वाढवला गेला, तो ८.८ अब्ज डॉलरला. ‘बिग टेन’ या एका कॉन्फरन्सने, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या एका गटाने, २०२२ मध्ये सात वर्षांसाठी केलेला टीव्ही करार सात अब्ज डॉलरच्या वर आहे. अनेक राज्यांत सगळ्यात जास्त पगार घेणारा सरकारी नोकर गव्हर्नर नसतो, सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल कोच असतो. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिंबो फिशर या कोचला काढलं, तेव्हा करार मोडल्याबद्दल त्याला साडेसात कोटी डॉलरहून जास्त रक्कम देणं लागत होतं. काम करू नये म्हणून! आणि मैदानावर डोकं आपटून घेणाऱ्या मुलांच्या वाट्याला फी, खोली, पुस्तकं आणि मोजलेली जेवणं.

हे किती काळ टिकणार होतं? कोर्टात ते हळूहळू ढासळलं. एड ओ’बॅनन हा १९९५ च्या विजेत्या यूसीएलए संघाचा खेळाडू. काही वर्षांनी एका व्हिडिओ गेममध्ये त्याला स्वतःसारखाच, स्वतःच्याच क्रमांकाचा खेळाडू पळताना दिसला. गेम विकून पैसे झाले होते, याला एक पैही नव्हती. त्याने २००९ मध्ये दावा ठोकला. २०२१ मध्ये ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएच्या विरोधात नऊ विरुद्ध शून्य असा निकाल दिला. निकाल तसा मर्यादित होता, शिक्षणाशी संबंधित लाभांपुरता. पण न्यायमूर्ती कॅव्हेनॉ यांनी स्वतंत्रपणे जे लिहिलं त्याचा मथितार्थ असा की, आमचा माल म्हणजेच पगार न देणं, असं म्हणून कामगारांना वाजवी मोबदला नाकारायची सोय दुसऱ्या कुठल्याही धंद्याला मिळत नाही. कॅव्हेनॉ हे काही कामगार चळवळीतून आलेले गृहस्थ नव्हेत. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्येच कायदा करून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातीचे पैसे मिळवायची मुभा दिली होती. १ जुलै २०२१ पासून ती देशभर मिळाली. मग ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी हाऊस खटल्यातल्या समझोत्याला मंजुरी दिली. जुन्या खेळाडूंना मागची भरपाई म्हणून २.८ अब्ज डॉलर, आणि पुढे प्रत्येक विद्यापीठाला आपल्या खेळाडूंमध्ये पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट वाटण्याची परवानगी. रेजी बुश या फुटबॉलपटूने पूर्वी पैसे आणि भेटी घेतल्या म्हणून २०१० मध्ये त्याला सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूचा हाइझमन करंडक सोडावा लागला होता. तो त्याला २०२४ मध्ये परत दिला गेला, कारण तोवर दिवस पार पालटले होते.

म्हणजे ‘कॉलेज खेळाडूंना पैसे द्यावेत का’ हा प्रश्न आता जवळपास मिटलाय. तरी वाद त्याच प्रश्नावर घालत बसण्यात विद्यापीठांचा फायदा आहे, कारण पुढचा प्रश्न त्यांना जास्त अडचणीचा आहे: किती, कसे, कोणत्या अटींवर, हे ठरवायला खेळाडूंचं कोणी बसणार की नाही? माझं मत स्पष्ट आहे. ज्यांच्या खेळावर हा धंदा उभा आहे त्यांना युनियन करण्याचा आणि सामूहिक वाटाघाटींचा हक्क मिळाला पाहिजे, आणि पैशांच्या आकड्यापेक्षा तो हक्क महत्त्वाचा आहे.

ही २ कोटी ५ लाखांची मर्यादाच पाहा. मोठ्या कॉन्फरन्समधल्या विद्यापीठांच्या ठरावीक प्रकारच्या उत्पन्नाची सरासरी काढून त्याच्या २२ टक्के, असं तिचं सूत्र आहे. व्यावसायिक फुटबॉलमध्ये, एनएफएलमध्ये, खेळाडूंचा वाटा ४८ टक्क्यांच्या आसपास असतो, व्यावसायिक बास्केटबॉलच्या एनबीएत साधारण निम्मा. समझोत्याचे समर्थक सांगतात की शिष्यवृत्ती आणि इतर खर्च मिळवला तर कॉलेजांचाही आकडा तिथपर्यंत पोचतो. पोचत असेल, पण हा हिशेब समोरासमोर बसून, एकमेकांची कागदपत्रं तपासून व्हायचा असतो. व्यावसायिक लीगमध्येही पगारावर कमाल मर्यादा असते आणि मक्तेदारीविरोधी कायदा तिला हात लावत नाही, कारण ती युनियनने वाटाघाटींत मान्य केलेली असते. सगळ्या खरेदीदारांनी एकत्र येऊन भाव पाडला तर ते बेकायदा; विकणाऱ्यांच्या संघटनेने सही केली तर तो करार. कॉलेजांना करारातली मर्यादा हवी आहे, सही करणारी संघटना नको आहे.

खटल्यात खेळाडूंचे वकील होतेच की, असं कोणी म्हणेल. होते, आणि त्यांनी मोठं काम केलं यात शंका नाही. पण वकिलांना खेळाडूंनी निवडून दिलेलं नव्हतं आणि समझोत्यावर मतदान झालं नाही. ही व्यवस्था दहा वर्षांसाठी आहे. तिच्या शेवटच्या वर्षांत जी मुलं मैदानात असतील, ती समझोता झाला तेव्हा प्राथमिक शाळेत होती. त्यातच काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेपुढे, २०२५ मध्ये आलेलं स्कोअर विधेयक: कॉलेजांना मक्तेदारीविरोधी कायद्यापासून संरक्षण द्या, आणि खेळाडू कर्मचारी नाहीत हे कायद्यातच लिहून टाका. दोन्ही मागण्या एकाच विधेयकात, तेही संकोच न करता.

खेळाडू हा विद्यार्थी आहे, तो कर्मचारी कसा असेल, हा आक्षेप नेहमी येतो. मराठी वाचकाला याचं उत्तर घरात सापडेल. पुण्या-मुंबईहून एमएस किंवा पीएचडीला गेलेल्यांपैकी कितीतरी मुलं-मुली तिथे टीए किंवा आरए, म्हणजे शिकवण्यात किंवा संशोधनात प्राध्यापकांचे पगारी सहायक, असतात. सकाळी स्वतःचा वर्ग, दुपारी पदवीच्या पोरांची ट्यूटोरियल्स, रात्री त्यांचे पेपर तपासणं. महिन्याला पगार, त्यावर कर. याने त्यांचं विद्यार्थीपण संपतं असं कुठल्या आईबापांना वाटलेलं ऐकलं नाही; उलट ‘टीएशिप मिळाली’ म्हणून पेढे वाटतात. खासगी विद्यापीठांतले असे विद्यार्थी कर्मचारीही आहेत आणि युनियन करू शकतात, असं राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात ठरवलं. २०२२ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्निया विद्यापीठातले ४८ हजार शैक्षणिक कर्मचारी संपावर गेले आणि पगारवाढ घेऊनच परतले. त्यात भारतीय विद्यार्थीही होते. प्रयोगशाळेत काम करणारा विद्यार्थी एकाच वेळी विद्यार्थी आणि कामगार असू शकतो, पण मैदानात काम करणारा असू शकत नाही, हे कुठलं तर्कशास्त्र?

नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने २०१४ मध्ये हाच मुद्दा मांडला. क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचं आक्रमण चालवणारा खेळाडू, केन कोल्टर पुढे होता आणि पाठीशी पोलाद कामगारांची मोठी युनियन. मंडळाच्या शिकागो विभागाचे संचालक पीटर ओर यांनी साक्षी-पुरावे घेऊन या खेळाडूंचा दिवस तपासला. हंगामात आठवड्याला ४० ते ५० तास फुटबॉल. कुठे जायचं, काय खायचं, सोशल मीडियावर काय लिहायचं यावर कोचचं नियंत्रण. सरावाच्या वेळेला आडवा येणारा तास घेता येत नाही. कोल्टरला डॉक्टर व्हायचं होतं. रसायनशास्त्राचा वर्ग सरावाच्या वेळेत येत होता, तो सोडावा लागला. ओर यांनी निर्णय दिला की हे कर्मचारी आहेत. एप्रिलमध्ये मतदान झालं. पण विद्यापीठाने अपील केलं, मतपेट्या सील झाल्या, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या मंडळाने सांगितलं की आम्ही या प्रकरणात अधिकारच वापरणार नाही. खेळाडू कर्मचारी आहेत की नाहीत यावर मंडळ बोललंच नाही. मतं न मोजताच नष्ट झाली.

मंडळाने दिलेलं कारण सर्वस्वी पोकळ नव्हतं. हा कामगार कायदा फक्त खासगी मालकांना लागू होतो आणि त्या वेळी बिग टेनमध्ये नॉर्थवेस्टर्न हे एकच खासगी विद्यापीठ होतं. एका संघाला युनियन आणि त्याच्या सगळ्या प्रतिस्पर्ध्यांना नाही, यात अडचण आहे हे मान्य. याकडे पुढे येतो.

शिक्षण हाच मोबदला, तो काय कमी आहे, असं म्हणणाऱ्यांना मी एकदम झिडकारणार नाही. अमेरिकेत पदवीचा खर्च किती येतो हे आपल्याकडच्या शैक्षणिक कर्ज काढलेल्या कुटुंबांना विचारावं. कित्येक गरीब घरांतली मुलं या शिष्यवृत्तीवर शिकून पुढे गेली. प्रश्न असा की हा मोबदला कराराप्रमाणे चुकता होतो का. १९७३ पासून २०१२ पर्यंत एनसीएएच्या नियमानुसार शिष्यवृत्ती एका वेळी एकाच वर्षाची देता येई. चार वर्षांची हमी द्यायची कॉलेजची इच्छा असली तरी देता येत नसे. गुडघा गेला, कोच बदलला, नवा उंच मुलगा आला की नूतनीकरण व्हायलाच हवं असं नव्हतं. आणि शिक्षणाचा दर्जा? नॉर्थ कॅरोलायनासारख्या नामवंत विद्यापीठात १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षं एका विभागात नावापुरते कोर्स चालू होते. तास नाहीत, शेवटी एक पेपर लिहून द्यायचा की चांगले गुण. अशा कोर्समधून तीन हजारांहून जास्त विद्यार्थी गेले आणि त्यांत जवळपास निम्मे खेळाडू होते. २०१४ च्या चौकशी अहवालात हे सगळं बाहेर आलं. २०१७ मध्ये एनसीएएने शिक्षा केली नाही. कारण, ते कोर्स इतर विद्यार्थ्यांनाही खुले होते. बेगलवरच्या चीजची दखल घेणाऱ्या संस्थेला अठरा वर्षांचे पोकळ वर्ग आपल्या अधिकाराबाहेरचे वाटले. मोबदला शिक्षणातच द्यायचा असेल, तर ते शिक्षण खरं आहे का हे पाहण्याचा अधिकार ते घेणाऱ्यांच्या संघटनेकडे असायला हवा. तासाच्या वेळा आणि हवा तो विषय घेण्याची मोकळीक या वाटाघाटींच्याच गोष्टी आहेत.

माझ्या दृष्टीने सगळ्यात जड मुद्दा शरीराचा आहे, आणि हा वाद मुळात सुरूही तिथूनच झाला. डेन्व्हर विद्यापीठाचा खेळाडू अर्नेस्ट नेमेथ सरावात जखमी झाला. तो विद्यापीठाची टेनिस कोर्टं सांभाळण्याचं कामही करायचा. १९५३ मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला कर्मचारी मानून भरपाई मंजूर केली. कॉलेजांना घाम फुटला. वॉल्टर बायर्स तेव्हा एनसीएएचे प्रमुख होते. नियमांत आणि पत्रव्यवहारात खेळाडूंचा उल्लेख आवर्जून ‘विद्यार्थी-खेळाडू’ असा होऊ लागला तो त्यांच्याच काळात. पुढे निवृत्त झाल्यावर बायर्स यांनीच या व्यवस्थेवर कडक टीका केली, ती गोष्ट निराळी. १९५५ मध्ये त्याच राज्यात फोर्ट लुईस कॉलेजचा रे डेनिसन सामन्यात डोक्याला मार लागून मेला. त्याच्या पत्नीने भरपाई मागितली. १९५७ मध्ये त्याच न्यायालयाने ती नाकारली, कारण फुटबॉल हा कॉलेजचा धंदा नाही. १९७४ मध्ये टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा केंट वॉल्ड्रेप अलाबामाविरुद्धच्या सामन्यात पडला आणि त्याच्या मानेखालच्या शरीराची हालचाल गेली. त्याचा लढा २००० सालापर्यंत चालला आणि शेवटी तो हरला. तोही कर्मचारी नव्हता म्हणे.

जुन्या गोष्टी झाल्या म्हणावं, तर २०११ मध्ये सरावात डोक्याला मार लागून मेलेल्या डेरेक शीली या खेळाडूच्या पालकांनी दावा केला, तेव्हा एनसीएएने न्यायालयात लेखी सांगितलं की खेळाडूंचं रक्षण करण्याचं कायदेशीर कर्तव्य आमच्यावर नाही. शतकभरापूर्वी मैदानावरच्या मृत्यूंमुळेच ही संस्था १९०६ मध्ये जन्माला आली होती, हे तिचे वकील विसरले असावेत. २०१८ च्या मे महिन्यात मेरीलँडमध्ये जॉर्डन मॅकनेअर हा एकोणीस वर्षांचा मुलगा व्यायाम करताना उष्माघाताने कोसळला आणि दोन आठवड्यांनी गेला. त्याला वेळेवर थंड पाण्यात ठेवलं नव्हतं. विद्यापीठाने चूक कबूल केली.

याच्या शेजारी २०११ मधला एनएफएलचा करार ठेवून पाहा. युनियनने त्यात संपूर्ण हंगामात पूर्ण पॅड घालून, म्हणजे अंगावर आदळायचा, सराव १४ वेळाच होईल असं लिहून घेतलं आणि एका दिवसात दोनदा असा सराव बंद केला. चाळीस लाख डॉलर कमावणाऱ्या तिशीतल्या माणसाच्या मेंदूला करारातून हे संरक्षण मिळालं. एकोणीस वर्षांच्या मुलाला मिळावं म्हणून त्याने काय करायचं, कोचला विनंती? कोचच्या हातात त्याची जागा, त्याचा खेळायचा वेळ आणि आता त्याचे पैसेही आहेत. जास्त पैसे हातात आले म्हणजे ‘आज मला चक्कर येतेय’ म्हणायचं धाडस वाढतं असं नाही. कधी कधी घटतं. टीमच्या डॉक्टरने कोणाचं ऐकायचं हे एकटा खेळाडू ठरवू शकत नाही, संघटना ठरवू शकते.

प्रवासाचंही तेच. २०२४ पासून लॉस एंजेलिसचं यूसीएलए बिग टेनमध्ये आहे आणि त्याच कॉन्फरन्समध्ये न्यू जर्सीचं रटगर्स. स्टॅनफर्ड आणि बर्कली पॅसिफिकच्या काठावर आहेत, खेळतात अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये. टीव्हीच्या पैशासाठी हा नकाशा बदलला. फुटबॉलवाले निदान आठवड्यातून एकदाच खेळतात. व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉलच्या मुलींना वर्ग बुडवून देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उडावं लागतं. विद्यार्थी आधी, खेळाडू नंतर, असं न्यायालयात सांगणाऱ्या लोकांनी हे ठरवलं, आणि ज्यांचे वर्ग बुडणार त्यांच्याशी ठरवण्याआधी बोलायला ते बांधील नव्हते.

आता पैसे आल्यावर गोंधळ माजलाय, अशी कोचमंडळींची तक्रार असते. मुलं दर वर्षी कॉलेज बदलतात, दलाल घुसलेत, निष्ठा राहिली नाही. गोंधळ आहेच. सप्टेंबर २०२४ मध्ये नेवाडा-लास व्हेगासच्या संघाने पहिले तिन्ही सामने जिंकले आणि क्वार्टरबॅक मॅथ्यू स्लुका संघ सोडून गेला. त्याच्या बाजूचं म्हणणं, एक लाख डॉलरचं तोंडी आश्वासन पाळलं नाही. विद्यापीठ म्हणालं, तो नियमबाह्य दबाव टाकत होता. खरं कोण, हे ठरवायला कागदच नव्हता. किमान अटींचा सामूहिक करार, तक्रार निवारणाची पद्धत, संघ बदलण्याच्या दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या मुदती: प्रत्येक व्यावसायिक लीगमध्ये ही शिस्त युनियनशी वाटाघाटी करूनच आली. मिशिगनचे तेव्हाचे कोच जिम हार्बो यांनी २०२३ मध्ये उघडपणे म्हटलं होतं की उत्पन्नात खेळाडूंना वाटा मिळायला हवा. सध्या जो तो आपापला दलाल घेऊन भांडतो आणि त्यात क्वार्टरबॅकचं भलं होतं. त्याच्यासमोर भिंत होऊन उभ्या राहणाऱ्या लाइनमनचं काय?

पैसे कुठून आणणार, बहुतेक कॉलेजांचे क्रीडा विभाग तोट्यात आहेत, हा आक्षेप आकड्यांत खरा आहे. पण तोटा कशामुळे हेही पाहावं. क्लेमसनने २०१७ मध्ये साडेपाच कोटी डॉलरचं फुटबॉल संकुल उघडलं. त्यात घसरगुंडी आहे, मिनी गोल्फ आहे, बोलिंगची व्यवस्था आहे. खेळाडूला रोख देता येत नाही म्हणून घसरगुंडी! पैसा आला की तो कोचचे पगार, करार मोडल्याची भरपाई आणि संगमरवरी लॉकर रूम यांकडे वळतो. हिशेबाच्या शेवटी शिल्लक उरत नाही आणि मग आम्ही गरीब. शिवाय तोट्यातल्या कारखान्यातल्या कामगारांनाही युनियन करता येते. डार्टमथच्या बास्केटबॉल संघाला तर शिष्यवृत्तीही नाही, त्या कॉन्फरन्समध्ये ती देतच नाहीत. तिथल्या पोरांनी मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी युनियन निवडली आणि तीही कॅम्पसवरच्या कर्मचाऱ्यांचीच. कॅम्पसच्या भोजनगृहात काम करणारे विद्यार्थी तासाचे पैसे घेतात तर आम्ही का नाही, इतका साधा मुद्दा. विद्यापीठाने वाटाघाटींना बसायलाच नकार दिला. वॉशिंग्टनमध्ये सरकार बदलणार, नवं मंडळ उलटा पायंडा पाडेल, या भीतीने ३१ डिसेंबर २०२४ रोजी अर्ज मागे घेतला गेला.

ज्या आक्षेपापुढे मी अडखळतो तो मुलींच्या आणि छोट्या खेळांच्या भवितव्याचा आहे. शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी घालणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने अमेरिकेत मुलींच्या खेळाचं चित्र बदललं. ऑलिंपिकमध्ये उतरणारे त्यांचे जलतरणपटू, धावपटू मोठ्या संख्येने कॉलेजांतच तयार होतात. नव्या वाटणीत अनेक मोठ्या विद्यापीठांनी तीन चतुर्थांश रक्कम फुटबॉलला देण्याचा हिशेब मांडला. उरलेल्यातला बहुतेक भाग पुरुषांच्या बास्केटबॉलला. उद्या फुटबॉलची युनियन आणखी मागेल आणि टेनिसचा संघ बंद पडेल, ही भीती काल्पनिक नाही. पण युनियनशिवाय जे चालू आहे त्यात मुलींना काय मिळालं? २०२१ च्या राष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांना भलीमोठी व्यायामशाळा आणि मुलींना डंबेल्सचा एक रॅक. ओरेगनच्या सेडोना प्रिन्सने त्याचा व्हिडिओ टाकला, तेव्हा दोन दिवसांत सामान आलं. पुन्हा तीच पद्धत: लाज वाटली की सुधारणा. ‘मार्च मॅडनेस’ हे नाव वापरायलाही मुलींच्या स्पर्धेला २०२२ उजाडावं लागलं. २०२४ मध्ये त्यांची अंतिम लढत जवळपास १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिली, पुरुषांच्या लढतीपेक्षा जास्त. सगळ्या खेळांना मिळून एक संघटना असावी, की खेळागणिक वेगळी, यावर खेळाडूंमध्येच भांडणं होतील. होऊ देत. आज ती वाटणी क्रीडा संचालकाच्या केबिनमध्ये होते.

परदेशी खेळाडूंची अडचण आपल्या जवळची आहे. कॅन्सस स्टेटकडून २०१८ आणि २०२२ मध्ये उंच उडीचं राष्ट्रीय कॉलेज विजेतेपद जिंकणारा तेजस्विन शंकर किंवा त्याआधी व्हर्जिनियाकडून टेनिसमध्ये लागोपाठ दोनदा जिंकलेला सोमदेव देववर्मन यांच्यासारखी मुलं एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जातात. त्या व्हिसावर कॅम्पसवर काम करता येतं, पण सत्र चालू असताना आठवड्याला २० तास. पर्ड्यूचा कॅनेडियन बास्केटबॉलपटू झॅक ईडी देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, तरी जाहिरातींच्या पैशापासून तो बराचसा दूर राहिला तो व्हिसामुळे. खेळाडू कर्मचारी ठरले तर या मुलांसाठी नियम बदलावे लागतील, आणि अमेरिकेतलं सध्याचं वातावरण पाहता ते सोपं नाही. हा प्रश्न कायद्यात लिहूनच सोडवावा लागेल, नाहीतर देशी खेळाडूला पगार आणि शेजारच्या भारतीय पोराला टाळ्या.

राहिला सरकारी विद्यापीठांचा प्रश्न, नॉर्थवेस्टर्न ज्यावर अडलं तो. मोठे संघ बहुतांश सरकारी विद्यापीठांचे. तिथे राज्याचा कायदा चालतो, आणि नॉर्थ कॅरोलायनासारख्या राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांशी सामूहिक करार करायलाच १९५९ पासून बंदी आहे. शिवाय मालक कोण: विद्यापीठ, कॉन्फरन्स की एनसीएए? हा घोळ आपल्याला ओळखीचा वाटायला हरकत नाही. मुंबईच्या बाजारपेठांतला व्यापारी हमालाबद्दल हेच सांगायचा: हा माझा नोकर नाही, आज माझी गोणी उचलतो, उद्या शेजाऱ्याची. महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्यात ‘कोणाचा नोकर’ या वादात न अडकता प्रत्येक व्यवसायाचं मंडळ नेमलं. मंडळावर मालक आणि कामगार यांचे सारखे प्रतिनिधी, सोबत सरकारचे. मजुरी, भविष्य निर्वाह निधी, औषधपाणी मंडळामार्फत. (आज काही माथाडी मंडळांच्या नावाने काय काय चालतं, तो स्वतंत्र लेखाचा विषय.) अमेरिकेतही वाट नाही असं नाही. क्रिस मर्फी आणि बर्नी सँडर्स या सिनेटरांनी २०२१ मध्ये विधेयक मांडलं होतं: सरकारी विद्यापीठांनाही या कायद्यापुरतं मालक धरा आणि खेळाडूंना कॉन्फरन्सच्या पातळीवर एकत्र वाटाघाटी करू द्या. टीव्हीचे करार कॉन्फरन्सच करते, वेळापत्रक तीच ठरवते, मग वाटाघाटीही तिच्याशीच. काँग्रेसला या विषयात हात घालायचाच असेल तर या दिशेने घालावा. पाच लाख कॉलेज खेळाडूंपैकी सगळ्यांना उद्या पगार मिळावा असं माझं म्हणणं नाही. छोट्या कॉलेजात आनंदाने लांब उडी मारणाऱ्या मुलीला युनियनची गरज वाटणार नाही आणि तिने ती करू नये. गरज वाटेल त्यांना मनाई नसावी.

ही मनाई फार काळ चालेल असंही वाटत नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये मिसूरी विद्यापीठात वर्णद्वेषाच्या घटनांवरून आंदोलन पेटलं होतं. एक विद्यार्थी उपोषणाला बसला होता आणि विद्यापीठाचे अध्यक्ष टिम वुल्फ दाद देत नव्हते. शनिवारी रात्री फुटबॉल संघातल्या कृष्णवर्णीय खेळाडूंनी जाहीर केलं की अध्यक्ष जाईपर्यंत आम्ही खेळणार नाही. कोच आणि बाकीचा संघ पाठीशी उभा राहिला. पुढच्या शनिवारचा सामना रद्द झाला असता तर विद्यापीठाला दहा लाख डॉलर भरावे लागले असते. सोमवारी सकाळी वुल्फ यांनी राजीनामा दिला. महिनाभराने त्या राज्याच्या एका आमदाराने विधेयक आणलं: जो कॉलेज खेळाडू संप पुकारेल किंवा संपात सामील होईल त्याची शिष्यवृत्ती काढून घ्यावी. टीका झाल्यावर काही दिवसांत ते मागे घेतलं गेलं. पण विधेयकाच्या मसुद्यात त्यांनी शब्द वापरला होता तो ‘संप’ हाच, आणि जे कामगार नाहीत ते संप कसा करतील, हे त्या आमदारांना कोणी विचारलं नाही.